चौथा रकाना

पोह्यांच्या बशीखालचा कागद ओढून
हेमराज परातेनं चार रकाने पाडले.
तर्रीचा डाग नेमका शेवटच्यात, माझ्या.
"बरं झालं," तो म्हणाला, "तसंही तिथं लिहायले काय हाय!"

सोनेगावच्या भिंतीबाहेर, सकाळचे साडेसहा,
एका बॅचचे आम्ही चौघं, बावीस वर्षांनी.
मे महिना. ऊन आत्ताच कानशिलावर.

हेमराज मोठ्या कंपनीत कॅप्टन.
त्याचा आकडा इतका लांब
की शून्यं मोजायला चहावाल्यानंही मान वाकवली.
"पण काल रात्री," कॅप्टन म्हणाला,
"परवाच्या हॉटेलचं कार्ड लावत बसलो दाराले.
उघडंना. मग आठवलं, शहरच दुसरं हाय."
पोरीचा दहावा वाढदिवस त्यानं मोबाइलवर पाहिला.
मेणबत्त्या विझायच्या आत चित्र अडकलं,
ती गाल फुगवून तशीच राहिली.

सुबोध खोब्रागडे माल नेतो. रात्री, फक्त रात्री.
खोकी ओकत नाहीत, भांडत नाहीत,
लँडिंग बरं झालं तर टाळ्याही वाजवत नाहीत.
पगार हेमराजच्या पाऊणपट,
आणि बेडरूमच्या काचेवर काळा कागद.
बायको शाळा सुटून येते, तेव्हा ती त्याला म्हणते
गुड मॉर्निंग.

तसनीमनं आकडा लिहिलाच नाही.
ती मालकांचं छोटं जेट उडवते.
"दहा मिनिटांत निघू" म्हणालेले साहेब
सात तासांनी येतात, लग्नातली बर्फी घेऊन.
तिनं रकान्यात लिहिलं: बसून राहणे.
मग खोडलं.
एकदा तिनं बर्फाच्या डब्यात यकृत नेलं होतं.
"त्या दिवशी कोणी उशिरा आलं नाही," एवढंच बोलली.

मग मी.
मी शिकवते. दोन सीटचं म्हातारं विमान,
शेजारी घामानं भिजलेलं अठरा वर्षांचं पोर.
नऊ वाजले की धावपट्टीचा तवा होतो,
खालची हवा विमानाला टेकूच देत नाही,
आणि मी हात मांडीवर ठेवून गप्प बसते.
गप्प बसायचाच पगार आहे म्हणा.
किती, ते मी सांगितलं.
चहावाला म्हणाला, "ताई, माझ्याकडं या ना वो."
आम्ही हसलो. जरा जास्तच हसलो.

लायसनसाठी बाबांनी खामल्यातला प्लॉट विकला होता.
आज तिथं कोणाची तरी चार मजली बिल्डिंग आहे.
मी त्या रस्त्यानं जात नाही.
लांब पडतं, तरी जात नाही.
आणि हो, रात्री गच्चीवर कपडे काढताना
वर एखादा दिवा सरकत जातो, सावकाश,
तेव्हा मला हेवा वाटतो. हेही लिही, हेमराज.

तो लिहिणार तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.
"माझी ढोबळे आहे," मी म्हटलं.
मृणाली ढोबळे. तिसऱ्यांदा एकटी.
आज तिच्यावर दुसरा शिक्षक, माझी सुट्टी,
तरी मांडीवर हात गेलेच.

चौघांच्या माना वर.
सुबोधची झोप उडाली. तसनीमनं घड्याळ पाहिलं नाही.
हेमराज, तीनशे माणसं घेऊन उतरणारा,
पुटपुटत होता, "थांब... थांब पोरी... आता उचल नाक."

विमान भिंतीआड गेलं.
टायरचा आवाज. एक उसळी.
परत टायर.
मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही किती बरं.

उद्या ती विचारणार आहे, सगळेच विचारतात:
मॅडम, कशात पैसा जास्त? कशात माणूस सुखी राहतो?
मी कागद मागितला, तिला दाखवायला.
चहावाल्यानं त्यानं टेबल पुसून टाकलं होतं.